खुफूचा पिरॅमिड आणि पाहुण्यांची होडी

होडी मी बुडवली नाही. सांगून सांगून तोंड दुखलं, पण गावात एक माणूस खरं मानेल तर शपथ. म्हणून पहिल्यापासून सांगते.

खाडीकाठच्या आमच्या गावात एक भोळा होता. तो नेमका माझ्याच वाट्याला, दीर म्हणून. नाव धाकू. शेजारच्या परुळेकर गुरुजींच्या ओटीवर बसून तो जगाचा इतिहास ऐकायचा. मी म्हटलं, "गुरुजी, त्याला नका सांगू. तो ऐकतो तसं करतो." गुरुजी हसले.

माझ्या मालनला बघायला पलीकडच्या तीरावरून पाहुणे येणार होते. मी अंगण सारवलं आणि धाकूला म्हटलं, "वाळेपर्यंत कोणाला आत येऊ देऊ नको." विहिरीवरून येते तो बेड्यात, अंगणात शिरायच्या वाटेवरच, ही छातीएवढी चिऱ्यांची भिंत.

"हे काय रे?"

"चीनवाल्यांनी अशीच घातली, वहिनी. जगाचा इतिहास आहे."

तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचे मामा अंगाने भरलेले. ते भिंतीवर चढले आणि तिथेच राहिले. चौघांनी ओढून उतरवले.

मी धाकूला बाजूला घेतलं. "मेल्या, येणाऱ्याला अडवायचं नसतं. नीट बघून आत घ्यायचं."

धाकूने नीट बघितलं. मामांच्या पोटावर टकटक केली, कान लावला.

"आत किती जण आहेत?"

"कुठे आत?"

"पोटात. ट्रॉयच्या लाकडी घोड्यात सैनिक होते. तोही असाच मोठा होता."

मामा उठले. "चला रे. इथे सोयरीक नको."

मालन दाराआड रडायला लागली. मी धाकूचा दंड धरला. "काहीही कर, पण पाहुणे परत जाता कामा नयेत."

"हात्तिच्या," म्हणाला आणि पहार घेऊन गेला. मला वाटलं, भिंत पाडतोय.

पाहुणे धक्क्यावर गेले, तर खुंटाला नुसता दोर. होडी तळाला. धाकू ओलाचिंब उभा.

"कोर्तेस नावाच्या सरदाराने मेक्सिकोत आपलीच जहाजं बुडवली. सैनिक परत जाऊ नयेत म्हणून. आता कुठे जातात बघू."

होडी काढून डागडुजी होईपर्यंत पाहुणे आमच्याकडेच जेवले. माझ्या हातचं खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण खाऊन मामा निवळले. म्हणाले, "मुलगी पसंत. फक्त माझी होडी बुडवणारा लग्नाच्या मांडवात दिसता कामा नये. कोण तो?"

सगळं गाव जमलेलं. मी म्हटलं, "सांग धाकू. घाबरू नको, खरं सांग."

धाकूने गुरुजींना विचारलं, "गुरुजी, मोठा पिरॅमिड कोणाचा?"

"खुफू राजाचा."

"दगड त्याने वाहिले?"

"छे. दगड मजुरांनी वाहिले. पण हुकूम ज्याचा, नाव त्याचं."

धाकू मामांकडे वळला.

"मग लिहून घ्या. पहार माझी होती. होडी बुडवली आमच्या वहिनीने. नाव शेवंता."