भूपातला निषाद

एकदा एक हुशार विद्यार्थी एका म्हातारीचे गाणे दुरुस्त करून आला. हुशार माणसांच्या हातून असली कामे फार होतात. मठ्ठ लोक त्या बाबतीत निर्धोक असतात. ही गोष्ट सांगण्याचा अधिकार मला आहे तो एवढ्याचसाठी, की त्याच वर्गात मागच्या सतरंजीवर मी बसत असे.

आमचे संगीत महाविद्यालय म्हणजे कृष्णाकाठच्या एका गावातल्या तेलगिरणीच्या माडीवरच्या तीन खोल्या. खालून शेंगदाण्याच्या पेंडीचा वास येई आणि गिरणीचा पट्टा दिवसभर घुमत राही. आम्ही मुले त्या घुमण्यालाच षड्ज धरून चोरून गुणगुणत असू. सकाळी आठला स्वरज्ञानाचा तास. गुरुजी आमच्याकडे पाठ करून पेटीची एक पट्टी दाबत आणि विचारत, "कोण आलं?"

"कोमल गंधार आला, गुरुजी."

"आणि आता?"

मग ते स्वरलिपीचा एखादा न पाहिलेला कागद हातात देत. त्यावरचे स्वर न अडखळता, पहिल्याच नजरेत गाऊन दाखवायचे. आता ती माडी नाही, गिरणी नाही, गुरुजीही नाहीत. पण सकाळचे आठ वाजले की माझे कान अजून टवकारतात, आणि खरे सांगायचे तर जीव हळवा होतो.

या दोन्ही विद्यांत हेरंब आमच्यात अग्रगण्य. स्वयंपाकघरात दोन वाट्या एकमेकींवर आपटल्या तरी हा बाहेरून स्वर सांगे. पन्नास रागांचे आरोह-अवरोह त्याला मुखोद्गत होते. माझे उलट. मला राग ओळखू येत नसत. कागदावर जे असेल ते, जसे असेल तसे, बैलगाडीच्या चालीने मी म्हणून दाखवी. गुरुजी त्यावर कधी हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

गावाबाहेर माळावर भागीरथीबाई राहत. ऐंशी उलटलेल्या. सारा गाव त्यांना अक्का म्हणे. त्यांच्या आईने बांधलेली एक चीज, म्हणजे एक गाणे, आता फक्त त्यांच्याच गळ्यात उरले होते. लेक नाही, शिष्य नाही. छातीत दमा भरलेला आणि डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून बजावलेले. महाविद्यालयाकडे टेपरेकॉर्डर नव्हता. होते ते कान आणि वही.

"अक्का गेल्या की ती चीजही गेली," गुरुजी एकदा तासाला म्हणाले. "हेरंब, तू जा आणि उतरवून आण."

हेरंब दोन दुपारी जाऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याने कागद गुरुजींपुढे ठेवला. अक्षर मोत्यासारखे, आणि वरती 'राग भूप' असे लिहून खाली तांबडी रेघ ओढलेली.

"गुरुजी, अक्कांचा गळा थकलाय आता," तो म्हणाला. "तीन ठिकाणी स्वर ढळून निषाद लागत होता. भूपात निषाद मुळीच येत नाही. म्हणून मी तिथं वरचा षड्ज लिहिला. आता चीज अगदी शुद्ध झालीय."

गुरुजींनी कागद बराच वेळ वाचला आणि नुसते "बरं" म्हणाले. मग त्यांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिले आणि माझ्याकडे बोट केले. "उद्या हेरंब, हा आणि मी, तिघं अक्कांकडे जाऊ. कागद हा वाचेल."

वर्गात खसखस पिकली. हेरंबसारखा गवई समोर असताना माझ्या तोंडून चीज म्हणवून घ्यायची, याचा अर्थ कुणालाच लागेना. मला तर गुरुजी माझी फजिती करायला निघालेत असेच वाटले, आणि रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा अक्का सोप्यात बाजेवर बसल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"अक्का, हा पोरगा एक चीज म्हणणार आहे. ऐकता?"

"म्हन की, बाळा. मला काय काम हाय दुसरं?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "शब्द म्हणू नकोस. शब्दांनी कुणीही ओळखेल. फक्त स्वर म्हण."

मी कागद धरला आणि सुरुवात केली. सा रे ग, प ग, ध सां ध प. एकही स्वर चुकला नाही. ती एवढीच विद्या मला येत होती. अक्का बाजेच्या काठावर बोटाने ताल धरून शेवटपर्यंत नीट ऐकत होत्या. मी थांबलो तशा कौतुकाने म्हणाल्या, "ब्येस हाय. कुणाची रं ही?"

हेरंब पुढे सरकला.

"अक्का, ही तुमचीच. तुमच्या आईची. परवा तुम्ही मला म्हणून दाखवलीत ना, तीच."

अक्कांनी मान हलवली. रागाने नव्हे, यात्रेत कुणी दुसऱ्याचे मूल आणून 'हे तुमचे का?' विचारावे, तशी. "न्हाई रं बाबा. आमची अशी न्हाई."

हेरंब गुरुजींकडे वळला. "पण गुरुजी," तो चाचरत म्हणाला, "भूपात निषाद वर्ज्य आहे."

"हा भूप आहे असं अक्का म्हणाल्या?"

"नाही. ते मीच लिहिलं."

"केव्हा?"

"पहिली ओळ ऐकताना."

"ओळ संपल्यावर की आधी?"

हेरंब खाली पाहू लागला. "आधी," तो म्हणाला.

गुरुजी त्याच्या शेजारी बसले. त्यांच्या स्वरात कठोरपणा नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. "बाळ, तुझा कान उत्तम आहे. निषाद तुला ऐकू आला होता. तूच तसं मला सांगितलंस. पण तुझं ज्ञान दारात उभं राहिलं आणि त्याला म्हणालं, 'तू या घरचा नाहीस, चल नीघ.' मी रोज तुम्हाला 'कोण आलं' म्हणून विचारतो. 'कोण यायला हवं होतं' असं कधी विचारलंय का? राग पुस्तकात पुष्कळ आहेत, ते कुठं पळून जात नाहीत. हे गाणं एकाच गळ्यात आहे. या पोराला मी आणलं ते याला राग ठाऊक नाही म्हणून. कागदात जे नाही ते हा पदरचं घालू शकत नाही. तुला म्हणायला लावलं असतं, तर तू तुझ्या गोड गळ्यानं अक्कांनाही पटवलं असतंस."

माझी ही स्तुती होती की निंदा, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

अक्का एवढा वेळ ऐकत होत्या. त्या हेरंबला म्हणाल्या, "त्या जागंला आई थांबायची बग. म्या ल्हान असताना इचारलं हुतं तिला, हितं का गं थांबतीस? तर म्हनली, हितनं म्होरं जावंसंच वाटत न्हाई."

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आले. "अक्का, आणखी एकदा म्हणाल?" तो बोलून गेला, आणि आपण काय मागितले हे ध्यानात येताच त्याने जीभ चावली. अक्कांच्या छातीतली घरघर आम्हाला हातभर अंतरावर ऐकू येत होती. गुरुजी त्याला आवरायला गेले, पण अक्कांनी हात वर केला.

"लिव. ऱ्हायलं तर तुज्याकडंच ऱ्हाईल."

त्या एक ओळ गात आणि दम लागला की थांबत. गुरुजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत. एरवी ओळ अर्धी व्हायच्या आत मान डोलावणारा हेरंब त्या दिवशी पेन्सिल वर धरून शेवटचा स्वर विरेपर्यंत थांबायचा, मगच लिहायचा. कुठे शंका आली तर विचारी, "अक्का, इथं तुम्ही वर गेलात की तिथंच राहिलात?" अक्का गालातल्या गालात हसत आणि तेवढीच जागा पुन्हा म्हणून दाखवत. निषाद तीन नव्हे, चार निघाले. ऊन अंगणाच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत गेले तेव्हा कागद पुरा झाला.

गुरुजींनी तो पुन्हा माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचू लागलो. तोच फाटका आवाज, तीच बैलगाडीची चाल. सा रे ग, प ग, ध नि. त्या निषादावर कागदात लांब रेघ होती, म्हणून मी थांबलो. अक्कांचे ताल धरणारे बोटही थांबले. त्यांनी डोळे मिटले, आणि ऐंशी वर्षांच्या त्या बाईच्या तोंडून लहान मुलीसारखे "आई" एवढेच आले.

पुढचे सगळे मी कसे वाचले, मला सांगता येणार नाही. संपल्यावर अक्कांनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाळा, आनी एकडाव म्हन."

उभ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकच वन्समोअर. तो माझ्या गाण्याला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. मी कागद सरळ केला आणि पहिल्यापासून म्हणू लागलो.