येतो म्हणून गेलेला मिस्त्री

डोंगराच्या कुशीत, पारिजातकाच्या बागेपलीकडे एक एवढुसं घर होतं. घराला भिंती होत्या, दार होतं, दाराला इवलीशी कडी होती. फक्त छप्पर नव्हतं. तिथे मैना आणि तिची आई राहायच्या. थंडी पडू लागली होती. रोज पहाटे दव थेट आईच्या पांघरुणावर उतरायचं आणि आईचा खोकला वाढत चालला होता.

छप्पर आधी होतं बरं का. दोन-चार कौलं फुटली म्हणून आईने झिपरू मिस्त्रीला बोलावलं. बोलण्यात हा मिस्त्री साखरेहून गोड. त्याने सगळीच कौलं उतरवली, बैलगाडीत भरली, विसार म्हणून आईचा पितळी हंडाही वर ठेवला आणि “नवी कौलं घेऊन येतो हं, वहिनी,” म्हणत बैल हाकलले. तो गेला तो गेलाच.

आई पाटलांकडे गेली. पाटलांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, निघताना तो काय म्हणाला?

“येतो म्हणाला,” आईने सांगितलं.

“मग झालं तर. जातो म्हणाला असता, तर काम सोडलं असं धरता आलं असतं. येतो म्हणणाऱ्यावर तक्रार कशी घ्यायची? तरी मी येतो एकदा पाहायला.”

आता आपल्याकडे निघताना जातो म्हणतं कोण? ते अशुभ. पण पाटलांना हे सांगणार कोण! आईने हेलपाटे घातले, पाटील काही आले नाहीत. शेवटी ती इतकी दमली की तिने विचारणंही सोडून दिलं.

मैना रोज सकाळी बागेत फुलं वेचायची आणि आई त्यांचे हार करायची. त्या दिवशीही झाडाखाली पांढरीशुभ्र फुलं पालथी पडली होती, केशरी देठ वर करून. मैनाने एक फूल उचललं, तर खाली अंगठ्याएवढी परी झोपलेली! तिचे चंदेरी पंख मिटलेले होते, पापण्यांवर दवाचे मोती होते. गार वारा लागताच ती कुडकुडली. मैनाने झटकन ते फूल पुन्हा तिच्यावर पालथं ठेवलं.

“नीज हं,” ती हळूच म्हणाली. “कोणाच्या डोक्यावरचं छप्पर मी नाही नेणार.”

फुलाखालून गुलाबी उजेड झिरपला. इवलेसे डोळे चोळत परी बाहेर आली.

“एक वर माग, बाळ. पण कोणाला इजा होईल असं मागायचं नाही. आणि माणसांच्या हातांनी होणारं काम मला करता येत नाही.”

म्हणजे मिस्त्रीला शिक्षा नाही आणि आयतं छप्परही नाही. आईच्या खोकल्याने मैनाची झोप झाली नव्हती. विचार करायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

“मग ‘येतो’ हा शब्द खरा कर,” ती म्हणाली.

“करते,” परी म्हणाली. “पण तो सगळ्यांसाठीच खरा होईल. त्यातून कोणी सुटणार नाही.” तिने पंख झटकले आणि सोनेरी कण वाऱ्यावर उडाले.

तिकडे झिपरू मिस्त्री न्याहारीला बसला होता. त्याचे पाय आपोआप उठले, हातांनी कौलं गाडीत भरली, हंडाही ठेवला. तोंडाने तो कुरकुरत होता, पण पाय ऐकतील तर ना! मागोमाग पाटीलही आले. येतो म्हणाले होते ना! आल्यासारखे त्यांनी शिडी धरली. ऊन तापण्याआधी कौल बसू लागलं, दुपारपर्यंत घर झाकलं गेलं. मिस्त्रीला अजून पुष्कळ दारांवर जायचं होतं. त्याने सगळीकडेच येतो म्हणून ठेवलं होतं.

त्यांच्यावर रागावण्याइतकंही बळ आईत उरलं नव्हतं. ती कोरड्या जमिनीवर आडवी झाली आणि भर दुपारी गाढ झोपली.

मैना धावत बागेत गेली. परी पारिजातकाच्या फांदीवर उभी होती आणि तिच्याभोवती रुपेरी प्रकाश दाटत होता.

“परीताई, पुन्हा येशील ना?”

परीने येते म्हणायला ओठ उघडले, आणि मिटले. मग फार मायेने ती म्हणाली, “जाते, बाळ.”

निघताना असं म्हणणारं कोणी मैनाने आजवर पाहिलं नव्हतं. प्रकाश लखलखला, विरला आणि फांदी रिकामी झाली. मैनाला रडू आलं. डोळे पुसून ती घरी आली आणि आईला बिलगून झोपली. कितीतरी दिवसांनी तिला कोणाची वाट पाहायची नव्हती.