थांबलेले हृदय

एकदा एका वैद्यकीय महाविद्यालयात ऋजुता नावाची विद्यार्थिनी शिकत होती. चुकण्याची तिला विलक्षण धास्ती. तिथे शरीरक्रियाशास्त्रासाठी जिवंत बेडूक वापरणे केव्हाच बंद झाले होते. आता संगणकाच्या पडद्यावर बेडकाचे हृदय धडधडे, बटण दाबले की त्यावर औषधाचा थेंब पडे आणि खाली ठोक्यांचा आलेख उमटे. इतर मुले ते हृदय हवे तसे पळवीत, बंद पाडीत आणि हसत पुन्हा सुरू करीत. ऋजुता मात्र पुस्तकातली मात्रा तेवढी मोजून देई. वर्षभरात तिच्या हातून एकही हृदय थांबले नव्हते.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना वृद्ध आचार्यांनी प्रयोगवह्या तपासून परत केल्या. खाडाखोड केलेल्या वह्यांवरही त्यांची सही होती. ऋजुताच्या निर्मळ वहीवर मात्र ती नव्हती. सहीवाचून परीक्षेला बसता येत नसे, आणि चूक कोणती हेही कुठे लिहिलेले नव्हते. तिने सगळे आकडे तीनदा पडताळले. सगळे बरोबर होते. त्यामुळे तर ती अधिकच घाबरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धीर करून आचार्यांकडे गेली. त्यांनी तिला प्रयोगशाळेत नेले, संगणक सुरू केला आणि शांतपणे म्हणाले, "पोटॅशियम दे आणि हे हृदय थांबव."

"किती मात्रेने, सर?"

"ते तू मला सांगायचंस."

ही परीक्षाच असावी, असे तिला वाटले. एकदाचे संपावे म्हणून तिने भराभर बटण दाबले आणि आलेखाची रेघ सपाट झाली. काय दिसले, असे आचार्यांनी विचारले, तेव्हा तिला काहीच सांगता येईना. तिने डोळे मिटून घेतले होते. त्यांनी हृदय पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या खेपेस तिने डोळे उघडे ठेवले, पण थेंब भराभरच सोडले. पाचव्या खेपेस तिला दिसले की थांबण्याआधी ठोके ठेंगणे होत जातात, त्यांच्यातले अंतर वाढते. हृदय बराच वेळ आधीपासून सांगत असते. तिने ते वहीत लिहिले, आणि आचार्यांनी त्याच पानावर खाली सही केली.

मग ते म्हणाले, "मुली, हे हृदय कुणाचंच नाही, म्हणूनच ते तुझ्या हाती दिलं. इथे मरण परत फिरतं. चुकायला एवढी निर्भय जागा तुला पुढे कुठेही मिळणार नाही. तू वर्षभर फक्त बरोबर वागलीस. म्हणून बिघडतं कसं, ते तुला ठाऊकच नव्हतं. रुग्ण पुस्तकातल्या मात्रेवर थांबून राहत नाही."

ऋजुताने वही मिटली. मग तिने हळूच विचारले, "आणि खऱ्या रुग्णाजवळ भीती वाटली तर?"

"वाटायलाच हवी," आचार्य म्हणाले. "फक्त तेव्हा डोळे मिटू नकोस."

ते निघून गेले. ऋजुताच्या छातीतली धडधड काही शमली नव्हती. तिने खुर्ची पडद्याच्या जवळ ओढली आणि, कुणी सांगितले नसताना, सहाव्यांदा पहिला थेंब सोडला.