सायलेन्सरमधला बोळा

एकदा एक शिष्य खंडेनवमीच्या दिवशी पूजेच्या पाटावरचा पाना उचलून घराबाहेर पडला. ज्या दिवशी हत्यारांना हळदकुंकू वाहायचे, त्यांना कामाला लावायचे नाही, त्या दिवशी त्याने हे केले. पान्यावरचे गंध अजून ओले होते. घाटाच्या पायथ्याशी त्याचे गॅरेज होते, आणि तिथल्याच बाजारातल्या एका व्यापाऱ्याचे डोके फोडायला तो निघाला होता.

कारण सांगतो, म्हणजे तुम्हालाही राग येईल. यायलाच हवा. त्या व्यापाऱ्याने नामांकित छापाच्या खोक्यांत नकली ब्रेक लायनर भरून विकले होते. शिष्याने ते विश्वासाने आपल्या मेहुण्याच्या जीपला बसवले. उतारावर लायनरचा भुगा झाला, जीप कठड्यावर आदळली आणि मेहुण्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. जाब विचारायला गेल्यावर व्यापारी गादीवरून उठलासुद्धा नाही. "बसवणाऱ्याचा हात चुकला असेल," एवढेच म्हणाला.

आणि लोक? लोक शिष्यालाच समजावत होते. शांत हो, राग गिळ, देव बघून घेईल. दुसऱ्याचा पाय गेला की आपल्याला शांतीचा फार पुळका येतो. असले उपदेश ऐकले की माझेही डोके फिरते.

खंडेनवमीला आधी गुरूच्या पाया पडायचे, मग दुसरीकडे जायचे, हा शिष्याचा नेम होता. तो त्याला रागातही मोडवेना. म्हणून बाजाराकडे वळण्याआधी त्याने आपली जीप घाटातल्या वृद्ध वस्तादांच्या घराकडे चढवली. याच वस्तादांच्या हाताखाली तो इंजिन उघडायला शिकला होता. जीप दारात चालूच ठेवून तो उतरला. नमस्काराला वाकला तेव्हा कमरेला खोचलेला पाना वस्तादांना दिसला.

"कुणासाठी?"

"त्या शेठसाठी. आज अडवू नका मला."

 वस्तादांनी ओट्यावरचे ओले पोते घट्ट गुंडाळले, जीपच्या मागे गेले, तो बोळा सायलेन्सरच्या तोंडात कोंबला आणि वर टाच रोवून उभे राहिले. इंजिन धापा टाकू लागले, जीप थरथरली आणि गचके खाऊन बंद पडली.

"वस्ताद, हे काय केलंत? डोकं फिरलं का तुमचं?" शिष्य ओरडला. गुरूशी तो असा कधी बोलला नव्हता.

"राग गिळ म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतंस, तर तुझं हे झालं असतं!" वस्तादही तितक्याच जोरात ओरडले. "आत कोंडलं की इंजिन मरतं. आणि तू पाना घेऊन निघालास ते काय? नुसता धूर सोडायला! आवाज मोठा, भपकारा मोठा, गाडी तसूभर वर चढत नाही. शेठचं डोकं फुटेल, तू तुरुंगात जाशील आणि त्याचा मुलगा परवा तेच लायनर विकेल. मग मेहुण्याच्या घरची चूल कोण पेटवणार?"

"मग करू काय? सांगा ना!" शिष्याचा आवाज फाटला.

वस्तादांनी बॉनेट उघडले आणि गोगलगायीसारख्या एका लोखंडी भागावर बोट ठेवले. "हा टर्बो तूच बसवलास. काय करतो तो?"

शिष्य दात आवळून सांगू लागला, "बाहेर चाललेला तापलेला धूर याच्या चाकावर आदळतो. चाक फिरतं. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल जळतं, ताकद वाढते."

"म्हणजे वाया जाणारा जाळच गाडीला घाट चढवतो. सुपरचार्जरही हवाच कोंबतो, पण त्याचा पट्टा इंजिनलाच जोडलेला. जोर लगेच येतो, पण त्यातला वाटा इंजिनच्याच अंगातून जातो. एकटाच दातओठ खात धावलास तर तसाच आधी तू झिजशील. टर्बोला थोडा उशीर लागतो. पाय दाबल्यावर चाकाला वेग यायला वेळ लागतो. तेवढा उशीर सोस. तुझा राग खरा आहे रे, मलाही आलाय. त्याला चाक लाव!"

शिष्याने पाना वस्तादांच्या पाटावर ठेवला. मग संध्याकाळपर्यंत तो गॅरेजमागून गॅरेज हिंडला. प्रत्येकाच्या भंगारात तसलेच भुगा झालेले लायनर पडले होते. आणि प्रत्येक मेकॅनिकला वाटत होते, आपलाच हात चुकला. लाजेने एकानेही दुसऱ्याला विचारले नव्हते. व्यापारी याच लाजेवर गादीला टेकून बसला होता.

दसऱ्याच्या सकाळी दुकानाला झेंडूची तोरणे होती, खरेदीची गर्दी होती. गावातले सगळे मेकॅनिक रांगेने आले. आपट्याची पाने द्यायची, त्या हाताने एकेकाने जळका लायनर पुढे केला.

"सोनं घ्या शेठ, सोन्यासारखं राहा."

गादीवर काळा ढीग साचत गेला. शेवटी शिष्य आला. त्याच्या हातात मेहुण्याच्या जीपमधला तुकडा होता. "हे घ्या," तो म्हणाला, "याचा एक पाय तुमच्याकडे बाकी आहे."

"आत या, आत बसून बोलू," व्यापारी पुटपुटला. आत कुणी गेले नाही. गिऱ्हाइकांनी हातातली खोकी खाली ठेवली. खरेदीला आलेल्या चालकांनी दुकानातला उरलेला नकली माल सगळ्यांदेखत बाहेर काढला आणि व्यापाऱ्याला पुढे घालून पोलीस चौकीत नेला.

दुपारी शिष्य घाट चढून वस्तादांच्या दारात आला. जीप थांबवून त्याने किल्लीला हात घातला.

"थांब," वस्ताद म्हणाले. "चढ चढून आल्यावर लगेच बंद करायचं नाही. आतलं चाक अजून गरगरतंय. इंजिन थांबलं की तेल थांबतं, आणि तापलेलं चाक कोरडं फिरून जळतं."

शिष्य बसून राहिला. इंजिन संथ धडधडत होते. पाय कापल्याचा निरोप आल्यापासून तो रडला नव्हता. आता स्टिअरिंगवर डोके टेकून तो रडला. वस्ताद शेजारी उभे राहिले. 'गप्प हो' म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आता कर बंद."