टेकडीवरची घोषणा

“...मग आता तुम्हीच सांगा बाबा, आता आम्हाला कोण अडवणार?”

तौसीफ सारंग टेकडी धावत चढून आला होता. धाप लागली होती, तरी तोंड चालूच.

मी लतीफबाबांच्या खोलीवर कौलं शाकारत होतो. बाबा खाली अंगणात कुळीथ निवडत बसले होते. आमच्या खाडीकाठच्या गावांत फकीर म्हणावा असा हा एकच माणूस. तौसीफ लहानपणापासून त्यांच्याकडे यायचा. चार अक्षरं शिकला तीही त्यांच्याकडून, आणि बोलणी खाल्ली तीही त्यांचीच.

“आधी बस,” बाबा म्हणाले.

“बसतो कसला! उद्या शहरात सभा आहे. वीस हजार माणूस येणार, बाबा! वीस हजार! आणि शेवटचं भाषण माझं!”

खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. आपल्या वाडीतलं पोर, आणि समोर वीस हजार माणूस!

विषय सगळ्या गावाला पाठ होता. समुद्रापलीकडे वाळवंटात एका बड्या देशाचा लष्करी तळ आहे. जमीन एकाची, तळ दुसऱ्याचा, आणि तिथून उठलेली विमानं बॉम्ब टाकतात तिसऱ्यावर. एक लढाई संपली म्हणेपर्यंत दुसरी तयार. तौसीफच्या जन्माच्या आधीपासून हेच चाललंय. त्याविरुद्ध हा पोरगा सहा वर्षं गावोगाव उन्हातान्हात हिंडला. त्याच्या निवेदनावर बाबांनी सही केली होती, मी अंगठा दिला होता.

“तळ उठलाच पाहिजे,” बाबा म्हणाले. “त्यात वादच नाही. पण भाषणाचं सांगायला कुणी एवढं धापा टाकत येत नाही. झालं काय?”

तौसीफने कपाळावरचा घाम पुसला.

“सकाळी अब्बा आले.”

माझा हात कौलावरच राहिला. यासीनभाई! एकोणीस वर्षं ते त्याच तळावर आचारी होते. बायको गेली तेव्हासुद्धा बिचाऱ्यांना वेळेवर पोचता आलं नव्हतं.

“रजेवर आला की कायमचा?” बाबांनी विचारलं.

“विचारलं नाही.”

“मग काय विचारलंस?”

“काहीच नाही. दारातच सांगितलं, त्या सैन्याला जेवू घालणाऱ्या माणसाला या घरात जागा नाही. कुलूप घातलं आणि निघालो.” त्याने मान ताठ केली. “उद्या सभेत हेच सांगणार आहे. मी माझ्या बापालासुद्धा सोडलं नाही! लोक उठून उभे राहतील, बाबा. तुमची दुआ घ्यायला आलोय.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. बॅग उचलली.”

“गेला कुठं?”

“मी पाहिलं नाही.”

मला वरून दिसत होतं. टेकडीच्या पायथ्याला, धक्क्यावर, यासीनभाई आपल्या बॅगेवर बसले होते. बाराची लाँच पलीकडच्या काठावरून सुटली होती. ती एकदा गाठली की माणूस संध्याकाळी शहरात, आणि उद्या परत विमानात. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी वर न बघताच माझ्याकडे हात केला. गप्प!

मी पुन्हा कौल हातात घेतलं, पण नजर लाँचवरच.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं.

“त्या तळावर माणसं किती असतील?”

“आठ-दहा हजार. सैनिक, ड्रायव्हर, धोबी...”

“आचारी.”

“...आचारी.”

“तळ उठला की एवढी माणसं जाणार कुठं?”

“घरी! दुसरं कुठं? आमची घोषणाच आहे ती.”

“ऐकव बघू.”

“तळ उठवा, घरी जा.”

“ही घोषणा?” बाबा हसले. “माझी कोंबडीसुद्धा हलली नाही. वीस हजारांपुढे असाच कुजबुजणार आहेस?”

हे मात्र पोराला झोंबलं. तो उठला, अंगणाच्या कडेच्या कातळावर चढला, समुद्राकडे तोंड केलं आणि छाती भरून ओरडला,

“तळ उठवा, घरी जा!”

“अजून!”

“तळ उठवा, घरी जा!”

“ते लांब आहेत रे! अजून!”

“घरी जा! घरी जा!”

काय आवाज होता म्हणता! खाडीपलीकडच्या डोंगरावर आपटून परत येत होता. बाबा टाळ्या वाजवायला लागले. मला राहवेना. मीही छपरावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, “घरी जा! घरी जा!”

खाली यासीनभाई उठून उभे राहिले.

लाँच धक्क्याला लागली होती. खलाशी त्यांना चला, चला म्हणून हात करत होता. ते मात्र कपाळावर हात धरून टेकडीकडे बघत होते. पोराचा आवाज बापाला कळणार नाही तर कुणाला कळणार?

“घरी जा!” तौसीफ ओरडतच होता. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

यासीनभाईंनी बॅग उचलली...

लाँचकडे पाठ केली.

“बाबा!” मी किंचाळलोच. “वळले! वाडीच्या वाटेला लागले!”

तौसीफने डोळे उघडले. “कोण?”

“अरे, तुझे अब्बा! ते बघ! लाँच सोडली त्यांनी! तू ओरडतोयस आणि ते घरी निघालेत!”

त्याने खाली पाहिलं.

लाल पायवाटेवरून एक वाकलेला माणूस बॅग घेऊन भरभर चालला होता. मध्येच त्याने मान वर करून टेकडीकडे पाहिलं आणि हात हलवला. आलो, आलो, असा.

“पण मी... मी त्यांना नव्हतं म्हणत...”



“बाबा, दाराला कुलूप आहे...”

त्याचा आवाज पार बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं. माझंही काही वेगळं नव्हतं.

बाबांनी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या पाठीत हाणली.

“सहा वर्षांत तळावरचा पहिला माणूस तुमचं ऐकून घरी निघालाय, आणि तू अजून इथंच?”