बांध रचून गेलेल्याचा वाटा

पूर्वी विशालक नगरात सुधर्म राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या कुळात जन्मला होता. नगराबाहेर तळे बांधायचे ठरले तेव्हा राजाने दवंडी पिटवली, "बांध पुरा होईपर्यंत जो राबेल, त्याला मजुरीवर एक खंडी भात बक्षीस. तळे भरले की वाटप होईल." बोधिसत्त्व डोंगरातून दगड ओढून आणी आणि सोणक नावाचा पाथरवट ते रची.

फाल्गुनात बांध पुरा झाला. चैत्रात सोणक काम सोडून सासुरवाडीला गेला. सासऱ्याने जमिनीचा तुकडा दिला होता, त्याला आता स्वतःचे शेत करायचे होते. करू दे की. बांध पुरा करून गेला, कुणाचे काय अडवून गेला?

आषाढाच्या आरंभी तळे भरले. सोणक गाडी जुंपून आला. पेरणी तोंडावर आली होती आणि घरात मूठभर बियाणे नव्हते. हे भात मिळाले नाही, तर शेत पडीक राहणार होते.

तळ्यावरचा कारभारी कुंडक म्हणाला, "आज जो कामावर, त्यालाच भात."

"कारभारी, बांध रचला तेव्हा मी होतोच ना?"

"होतास. आता नाहीस. चल, वाट सोड."

गरज सरो, वैद्य मरो, ही रीत काही आजची नाही. सोणक गाडी वळवू लागला. ते पाहून बोधिसत्त्वाला संताप आला, आणि त्याने तो लपवला नाही.

तळ्याच्या मोरीची फळी ओढून पाटात पहिले पाणी सोडायचा मान हत्तीचा होता. राजा आला, ढोल वाजले, फळीची साखळी सोंडेत दिली. बोधिसत्त्वाने ती खाली टाकली. माहुताने अंकुश टोचला. कानामागून रक्त आले, पण पाऊल हलले नाही.

राजा म्हणाला, "गजराजा, ओढ. तुला सोन्याची झूल घालतो."

"झूल नको, महाराज. सोणकाचे भात त्याच्या गाडीत पडेपर्यंत मी साखळीला सोंड लावणार नाही."

कुंडक पुढे आला. "महाराज, तो काम सोडून गेलेला माणूस आहे."

"बांध पुरा करून गेलेला," बोधिसत्त्व म्हणाला. "दवंडी मीही ऐकली आहे, माझे कान काही लहान नाहीत. 'आज कामावर असेल त्याला' हे शेपूट कारभाऱ्यांनी मागून जोडले."

"याला दिले, तर उद्या गेलेले सगळे येतील."

"येऊ देत. त्यांनी रचलेला बांध तुम्हाला चालतो, मग ते का चालत नाहीत? सोणक गेला, तर त्याचे दगडही त्याला काढून नेऊ द्या. मग बघू, पाणी कुठे राहते ते."

राजाने भरलेल्या तळ्याकडे पाहिले. मग त्याने स्वतः उभे राहून सोणकाचे भात मोजायला लावले, आणि बांध पुरा करून गेलेल्या प्रत्येकाला निरोप धाडला. तेव्हा कुठे बोधिसत्त्वाने साखळी उचलली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका विहारात सांगितली. तिथे एका भिक्खूने पावसाळाभर विहारात राहून वर्षावास पुरा केला होता, पण त्याबद्दल मिळणारे चीवरांचे, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांचे, कापड वाटण्याआधी तो दुसऱ्या गावी गेला, म्हणून वाटा घ्यायला आल्यावर त्याला दारातूनच परत लावले होते.

शास्ता म्हणाला, "कापडाचा गठ्ठा धरून बसला आहे, तो तेव्हाचा कुंडक. दारात उभा आहे, तो सोणक. निवाडा करणारा राजा म्हणजे हा संघ, आणि त्याने अजून तोंड उघडलेले नाही. हत्ती मी होतो. न्यायाच्या गोष्टीवरून पाऊल मागे न घेणे, याला अधिष्ठान म्हणतात. त्याचे कापड त्याच्या हाती पडेपर्यंत मी इथून उठणार नाही."