शेळीने हुंगलेली पुडी

फार जुन्या काळी, जनावरं बोलायची तेव्हाची ही गोष्ट. माणसं त्यांचं ऐकायची नाहीत, तेवढं मात्र आजच्यासारखंच होतं.

एका घाटाच्या पायथ्याशी एक बाई चहाच्या पुड्या बांधून विकायची. व्यापाऱ्यांच्या बैलांवरून आलेली काळी चहाची पानं, परसातल्या उतारावरचा वाळवलेला गवती चहा, तुळस, सुंठ, थोडी वेलदोड्याची सालं, हे सगळं ती सुपात घेऊन हाताने मिसळायची. तराजू तिच्याकडे नव्हता. मिसळून झालं की त्यातली चिमूट तळव्यावर चोळायची, नाकाशी नेऊन हुंगायची आणि मनासारखा वास आला तरच मान डोलावून पुडीला दोरा बांधायची. वास उडालेली पानं ती शेळीपुढे टाकायची. सासूने तिला एकच नियम घालून दिला होता, हुंगल्याशिवाय दोरा नाही.

घाटमाथ्यावर एक म्हातारा राखणदार राहायचा. त्याचे डोळे अधू होते, पण राजाने त्याला ठेवलं होतं ते नाकासाठी. डोंगराला वणवा लागला की ज्वाळा दिसायच्या आधीच त्याला धूर कळायचा. मग तो शिंग फुंकायचा आणि गावकरी ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायला धावायचे.

रोज सकाळी तो बाईच्या पुडीतला चहा चुलीवर ठेवायचा आणि झोपडीबाहेर जाऊन उभा राहायचा. गवती चहाचा वास बाहेर आला की म्हणायचा, "नाक शाबूत आहे." तीस वर्षं त्याने आपलं नाक असं रोज तपासून घेतलं होतं.

एका हिवाळ्यात बाईला ताप आला. ताप उतरला, पडसंही गेलं, पण जाताना वास घेऊन गेलं. तिने सुंठ हुंगली, काही नाही. कांदा फोडला, डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. बाई फार घाबरली. चहा मिसळण्यावाचून तिला दुसरं काही येत नव्हतं. वास न येणारीच्या हातची पुडी कोण घेणार?

म्हणून ती गप्प राहिली. चिमूट चोळायची, नाकाशी न्यायची, मान डोलवायची आणि दोरा बांधायची. बघणाऱ्याला सगळं पहिल्यासारखंच दिसायचं.

दाराशी बांधलेली शेळी एक दिवस म्हणाली, "बाई, हा गवती चहा दवात राहिलाय. याला वास नाही. हा माझ्या वाट्याचा."

"गप बस," बाई म्हणाली. "तुझं सगळं लक्ष खाण्यात."

ते खरंही होतं, त्यामुळे शेळी पुन्हा रवंथ करू लागली.

गंमत अशी की गावातून एकही तक्रार आली नाही. चहा पाणचट लागला तर कुणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कुणी भांड्याला आणि बऱ्याच जणांनी सुनेला. बाई हुंगून देते म्हटल्यावर पुडी चुकेल कशी?

घाटमाथ्यावर म्हातारा झोपडीबाहेर उभा राहिला. वास आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट चहा टाकला, तरी नाही. आठ दिवस असे गेले, तेव्हा काठी टेकत तो घाट उतरून बाईकडे आला.

"बाई, ही पुडी हुंगली होतीस ना?"

बाईचा हात सुपातच थांबला.

"हुंगल्याशिवाय मी दोरा बांधते का, बाबा?"

"नाही बांधत. म्हणजे माझंच गेलं," म्हातारा म्हणाला आणि तसाच राजाच्या कारभाऱ्याकडे गेला. शिंग त्याच्यापुढे ठेवून म्हणाला, "माझं नाक गेलं. दुसरा माणूस बघा."

बाईला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण तिने त्याला मागे बोलावलं नाही. पुढची पुडी बांधायला घेतली.

कारभाऱ्याने तीक्ष्ण डोळ्यांचा एक तरुण माथ्यावर नेमला. त्याला समोरच्या डोंगरावरच्या गाई मोजता यायच्या. पण डोंगराच्या घडीत काय पेटतंय ते डोळ्यांना दिसत नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी म्हातारा गावच्या पारावर बसला होता. वारा फिरला आणि त्याला धुराचा वास आला. आनंदाने तो उठला, मग पुन्हा खाली बसला. गेलेल्या नाकाला भास होतोय, असं त्याने स्वतःला समजावलं. एक चिलीम ओढून व्हावी एवढा वेळ तो तसाच बसून राहिला.

तेवढ्यात दावं तोडून बाईची शेळी धावत आली. "आजोबा, धूर येतोय ना? बाई माझं ऐकतच नाही."

"तुलाही येतोय?" म्हणत म्हातारा ताडकन उठला आणि ओरडत सुटला. शिंग माथ्यावरच्या तरुणाकडे होतं आणि त्याला अजून काही दिसलं नव्हतं.

माणसं धावली. डोंगराच्या घडीतून आलेल्या वणव्याने परसातला उतार भडकला होता, धूर घरात शिरत होता. बाई मात्र ओटीवर दाराकडे तोंड करून बसली होती. म्हातारा दारात पोचला तेव्हा ती तळव्यावरची चिमूट हुंगून मान डोलावत होती.

"या बाबा. तुमचीच पुडी बांधतेय."

"अगं, मागे आग लागलीय. एवढा धूर, आणि तुला वास आला नाही?"

बाईने तळव्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "मला पौषापासून कसलाच वास येत नाही, बाबा. तुमचं नाक गेलं नव्हतं. माझं गेलं होतं."

"नाक गेलं असं वाटलं त्याच दिवशी मी सांगून टाकलं," एवढंच म्हणून म्हातारा फांदी घेऊन आगीकडे वळला.

घर वाचलं. उतारावरचा गवती चहा, तुळस आणि शेजाऱ्यांच्या गवताच्या गंज्या जळाल्या. शिंग म्हाताऱ्याकडे परत गेलं. बाईकडे वर्षभर गिऱ्हाईक फिरकलं नाही.

पाऊस झाल्यावर बाईने उतारावर नवी रोपं लावली. आता ती येईल त्याला आधी सांगायची, "मला वास येत नाही, शेळी हुंगते." चिमूट शेळीपुढे धरायची. शेळी म्हणायची, "बांध," किंवा म्हणायची, "ही माझी." लोक हसले, आणि हळूहळू पुड्या नेऊ लागले.

सगळ्यांत शेवटी म्हातारा आला. त्याने पुडी हातात घेतली, दोरा सोडला, स्वतः हुंगली आणि पुन्हा बांधली. तीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं, आणि पुढे मरेपर्यंत दर वेळी केलं. बाईने त्याला कधी अडवलं नाही.

बोध: आपण लपवलेली उणीव आपल्याआधी आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला भोवते.